विषाच्या अभ्यासाला चैन म्हणणाऱ्यांना

“सापाच्या विषातून शुगरचं औषध काढणार म्हणे! आधी पान लागलेल्या माणसाला वेळेवर एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन, तर मिळू द्या.” नांदेड-लातूर पट्ट्यात प्राण्यांच्या विषावरील संशोधनाचा विषय निघाला की या अर्थाचे बोल ऐकू येतात. बोलणारा कधी शिक्षक असतो, कधी कार्यकर्ता, तर कधी स्वतः डॉक्टर. त्याच्या बोलण्यामागे एक पक्का हिशेब असतो. इथला पाऊस बेभरवशाचा, शेतकरी कर्जात आणि सरकारी दवाखान्यांवर न पेलवणारा भार. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती, हे साऱ्या देशाने वाचले. अशा मुलखाने सरड्याच्या आणि गोगलगाईच्या विषात रस का घ्यावा? ते प्राणी परदेशातले, प्रयोगशाळा परदेशातल्या, औषधाची किंमतही परदेशातल्या माणसाला परवडेल अशी. थोडक्यात, विषाचा अभ्यास ही श्रीमंतांची चैन आहे आणि मराठवाड्याने तिच्या नादी लागू नये.

हा युक्तिवाद गरिबाच्या बाजूने बोलतो, म्हणून त्याला सहसा कोणी अडवत नाही. त्याला अडवायला हवे, कारण ज्या गरिबाचे नाव घेऊन तो केला जातो, त्याचेच त्यात नुकसान आहे.

‘आधी सर्पदंश, मग संशोधन’ या क्रमातच पहिली गफलत आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. तो का कोसळतो, याचा माग काढताना मॉरिसिओ रोचा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस साओ पाउलोत ब्रॅडिकायनिन हा पदार्थ सापडला. रक्तवाहिन्या सैल करणारा हा पदार्थ माणसाच्या स्वतःच्याच रक्तात तयार होतो, विष त्याला फक्त मोकळे सोडते. पुढे १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांनी दाखवले की त्याच सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारी छोटी पेप्टाइडे आहेत. फेरेरा ती पेप्टाइडे घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून हा धागा स्क्विब या औषध कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्डेट्टी यांच्या हाती आला. विषातल्या पेप्टाइडांची रचना समोर ठेवून त्यांनी तोंडाने घेता येईल असा एक साधा रेणू घडवला, तोच कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

यात मधुमेह कुठे आला? १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एडमंड लुईस यांच्या गटाची चाचणी प्रसिद्ध झाली. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडू लागलेल्या ४०९ रुग्णांपैकी काहींना कॅप्टोप्रिल दिले, काहींना नाही. ज्यांना दिले, त्यांच्यात मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलण्याची वेळ येण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. तेव्हापासून मधुमेही रुग्णाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली की या घराण्यातली गोळी सुरू करणे ही जगभरची रीत झाली. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही सगळी त्याच कुळातली नावे. उदगीर असो, मुखेड असो की निलंगा, कोणत्याही मेडिकलमध्ये ती मिळतात आणि स्वस्त मिळतात. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा-तीनदा एसटीने जिल्ह्याच्या गावी जाण्याची पाळी ज्या शेतकऱ्यावर या गोळीमुळे आली नाही किंवा काही वर्षे लांबली, त्याच्यापर्यंत ब्राझीलच्या मळ्यांतल्या सर्पदंशाचा अभ्यास पोचलेला आहे. मग ही चैन नेमकी कोणाची? आणि सर्पदंश आधी की औषध आधी, हा प्रश्न तरी शिल्लक राहतो का? सर्पदंश समजून घेण्याच्या वाटेवरच ते औषध हाती आले.

आता सरड्याकडे वळू, कारण टिंगल त्याचीच जास्त होते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आणि मेक्सिकोत वाळवंटी भागात गिला मॉन्स्टर हा जाडजूड, संथ, विषारी सरडा राहतो. वर्षभरात तो मोजक्याच वेळा खातो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात जॉन इंग नावाचे डॉक्टर काम करत. हे तेच रुग्णालय, जिथे रोझलिन यालो यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत विकसित केली आणि १९७७ चे नोबेल मिळवले. इंग त्यांच्याच प्रयोगशाळेत घडले. या सरड्याच्या विषाने प्राण्यांच्या स्वादुपिंडावर परिणाम होतो, हे त्याआधी इतरांनी नोंदले होते. इंग यांनी त्या विषात नवी संप्रेरके शोधण्यासाठी एक रासायनिक पद्धत वापरली आणि १९९२ मध्ये एक्सेन्डिन-४ प्रसिद्ध केले.

हे पेप्टाइड ३९ अमिनो आम्लांचे आहे आणि माणसाच्या आतड्यात जेवणानंतर स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाशी निम्म्याहून थोडे अधिक जुळते. जीएलपी-१ चे काम मोठे उपयोगी. ते रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनला दाबते, पोट रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि भूक शमवते. अडचण एकच होती. शरीरातले एक विकर त्याला अवघ्या दोनेक मिनिटांत तोडून टाकते, म्हणून ते औषध म्हणून वापरता येत नव्हते. सरड्याचे पेप्टाइड मात्र त्या विकराला सहज दाद देत नाही आणि काही तास टिकते. इतकी वर्षे जी भिंत ओलांडता येत नव्हती, तिला दार कुठे आहे हे विषाने दाखवले.

इंग काम करत त्या सरकारी खात्याने पेटंट घेतले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने घेतले आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवले. १९९६ मध्ये अमायलिन या कंपनीने परवाना घेतला. २८ एप्रिल २००५ रोजी एक्सेनाटाइड हे औषध अमेरिकेत मान्य झाले. जीएलपी-१ सारखे काम करणाऱ्या गटातले ते जगातले पहिले औषध. पहिल्या दिवसापासून ते कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनले, त्यासाठी एकाही सरड्याला चिमटा लावावा लागला नाही.

इथे विरोधकांचा आवडता मुद्दा येतो. “आज सगळीकडे बोलबाला आहे तो सेमाग्लुटाइडचा, आणि त्यात सरड्याचं काही नाही. ते माणसाच्याच संप्रेरकावरून बनवलंय. मग सरड्याचं कौतुक कशाला?” पहिला अर्धा भाग खरा आहे. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड मानवी जीएलपी-१ मध्ये फेरफार करून घडवली आहेत. ‘ते इंजेक्शन म्हणजे सरड्याचं विष’ असे सांगून रुग्णांना घाबरवणाऱ्यांनी हे नीट ऐकून घ्यावे. पण निष्कर्ष चुकीचा आहे. आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल बाहेरून देऊन मधुमेह आवरता येतो, ते माणसात चालते, सुरक्षित राहू शकते आणि वजनही उतरवते, हे औषधाच्या दुकानापर्यंत सर्वात आधी सिद्ध करून दाखवले ते एक्सेनाटाइडने. पहिली पायवाट ज्याने पाडली, त्याच्या नावे पुढचा डांबरी रस्ता नाही म्हणून तो चाललाच नव्हता, असे कोणी म्हणते का?

आणि विषाची गोष्ट सरड्यावर थांबलेली नाही. २०१५ मध्ये हेलेना साफावी-हेमामी आणि युटा विद्यापीठातील सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली. कोनस जिओग्राफस ही समुद्री गोगलगाय माशांना पकडण्यासाठी पाण्यात चक्क इन्सुलिन सोडते. माशांच्या रक्तातली साखर एकदम घसरते, ते गुंगतात आणि गोगलगाय त्यांना गिळते. मानवी इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे, तर हे ४३ चे. मानवी इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटून सहाचा पुंजका करतात आणि तो सुटायला वेळ लागतो, म्हणून इंजेक्शन आणि परिणाम यांत अंतर पडते. गोगलगाईच्या इन्सुलिनमध्ये चिकटण्याचा तो तुकडाच नाही, कारण शिकार पळून जाण्याआधी परिणाम व्हायला हवा. जेवणाआधी कधी सुई टोचायची आणि ताट कधी पुढे ओढायचे, याचा हिशेब रोज करणाऱ्या रुग्णाला या एका फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. २०२० मध्ये याच धर्तीवर मानवी इन्सुलिनची छोटी आवृत्ती तयार करून तपासली गेली. २०२४ मध्ये त्याच गोगलगाईच्या विषात ग्लुकागॉन दाबणारे दुसरे पेप्टाइडही सापडले. ही औषधे अजून बाजारात नाहीत आणि त्यांच्या नावाने आज कोणी काही विकत असेल तर तो फसवतो आहे.

‘परदेशी प्राणी’ हा आक्षेप तर आपल्याच जमिनीचे अज्ञान दाखवतो. शंकूच्या आकाराच्या या गोगलगाईंच्या अनेक जाती भारताच्या किनाऱ्यांवर आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम यांनी त्यांच्या विषातल्या पेप्टाइडांवर काम केले आहे. समुद्र लांब वाटत असेल तर बांधावर येऊ. फुरसे हा साप मराठवाड्यातल्या माळरानावर, दगडांच्या आडोशाला राहतो. त्याच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. त्या विषातून वेगळ्या केलेल्या एकिस्टॅटिन या प्रथिनाच्या अभ्यासावरून टिरोफिबान हे औषध घडले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातल्या चपट्या पेशींना गुठळी करू न देणारे हे औषध आहे. मधुमेह्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा किती अधिक असतो, हे लातूरच्या कोणत्याही हृदयरोग विभागात विचारावे. घोणशीचे विष तर जगभरच्या प्रयोगशाळांत रक्ताच्या गुठळीशी निगडित एका चाचणीत आजही वापरले जाते. फुरसे आपले, घोणस आपली आणि आपलाच माणूस विचारतो, आपल्याकडे काय आहे?

विंचवाचेही तसेच. हे उदाहरण मराठवाड्याने मिरवायला हवे होते. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि तरुण मरत होते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले: आधी घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. विष मज्जातंतूंना उत्तेजित करून अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर आणते, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. १९८० च्या दशकात त्यांचे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले आणि गंभीर दंशातले मृत्यू एके काळच्या सुमारे पाव हिश्श्यावरून काही टक्क्यांवर आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. याच विंचवाच्या दंशात रसायनांचा हा पूर इन्सुलिन दाबून टाकतो आणि रक्तातली साखर चढते. मुंबईतील के. राधाकृष्ण मूर्ती यांनी विंचूदंशात इन्सुलिनच्या भूमिकेवर अनेक वर्षे संशोधन केले. विष आणि साखर यांचा संबंध आपल्याच रुग्णालयांतल्या खाटांवर दिसला, नोंदला गेला. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने ‘आधी सोयी द्या, मग अभ्यास करतो’ असे म्हटले असते तर?

नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनीही तेच केले. सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करता करता त्यांनी नोंदी ठेवल्या आणि दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मांडला. तालुक्याच्या गावात बसून हे होऊ शकते याचा पुरावा नांदेड जिल्ह्यातच आहे, आणि तरीही इथे संशोधन अशक्य आहे असे सांगितले जाते.

विंचवाच्या उदाहरणात आणखी एका समजुतीचे उत्तर आहे. ‘विंचू चावला की शुगर उतरते’, ‘थोडंथोडं विष पोटात गेलं की मधुमेह कायमचा जातो’, ‘मधमाश्या चावून घ्या’, असे छातीठोक सांगणारे भेटतात. विषाच्या अभ्यासाची खिल्ली उडवणारे आणि विषाचे असे प्रयोग सुचवणारे पुष्कळदा एकाच घरात राहतात. त्या दोघांनाही एकच सांगणे आहे. लाल विंचवाच्या विषाने साखर चढते, माणूस मरू शकतो. विष हे शेकडो घटकांचे मिश्रण असते. त्यातला एक घटक वेगळा करणे, त्याची रचना समजून घेणे, प्राण्यांवर आणि मग माणसांवर वर्षानुवर्षे तपासणे, एवढा सगळा प्रवास म्हणजे औषध. १९९२ ते २००५, तेरा वर्षे लागली एक्सेनाटाइडला. हा प्रवास वगळून विष वापरणे हा निव्वळ जीवघेणा खेळ आहे, आणि तो खेळ थांबवायचा असेल तर लोकांना संशोधनापासून दूर ठेवून थांबणार नाही. ते कसे चालते हे जवळून दाखवावे लागेल.

किमतीचा मुद्दा सर्वात वजनदार वाटतो. नवी औषधे महाग असतात आणि त्यांतली बरीच नांदेडच्या हमालाला आज परवडत नाहीत, हे कोणी नाकारत नाही. पण महागाई औषधाच्या उगमातून येत नाही, ती पेटंटातून आणि सरकारी धोरणातून येते. कॅप्टोप्रिलही एके काळी महागडे नवे औषध होते, आणि आज त्याच्या कुळातल्या गोळ्या गावोगावी मिळतात. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये सांगितले की देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर. एवढ्या मोठ्या संख्येपुढे महागाईवर रागवायचे असेल तर पेटंट कायद्यावर, खरेदीच्या धोरणावर, जनऔषधी दुकानांच्या रिकाम्या कपाटांवर रागवावे. रेणू शोधणाऱ्यावर राग काढून एकाही रुग्णाची गोळी स्वस्त होणार नाही.

खरे दुखणे बहुधा वेगळेच आहे. लातूर आणि नांदेड ही दोन शहरे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांनी भरलेली आहेत. लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर आहे, ‘नीट’च्या शिकवण्यांसाठी इथे खोल्या मिळत नाहीत, आईबाप जमिनी विकून मुले पाठवतात. या मुलांना जीवशास्त्र तोंडपाठ असते. स्वादुपिंडातल्या पेशींची नावे, इन्सुलिनच्या दोन साखळ्या, सगळे. पण त्यांतल्या एखाद्याने ‘मला विषावर संशोधन करायचंय’ म्हटले की घरचे आणि मास्तर दोघेही विचारतात, “त्याचा उपयोग काय?” जॉन इंग रुग्ण तपासणारे डॉक्टर होते. बावस्कर आणि पुंडेही. आपण ज्या पेशासाठी मुलांना रात्री जागवतो, त्याच पेशातली ही माणसे आहेत. मग त्यांच्यासारखे व्हायला निघालेल्या मुलीला वेड्यात का काढायचे?

आणि आता सर्पदंश. जिथून हा वाद सुरू होतो, तिथेच तो संपायला हवा. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा २०२० चा अभ्यास सांगतो. भारतात बनणाऱ्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुळा सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनागर यांच्या गटाने पुन्हा पुन्हा दाखवले आहे. म्हणजे तमिळनाडूतल्या घोणशीच्या विषावरून तयार झालेली एएसव्ही किनवटच्या घोणशीवर किती चालते, हा साधा, जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर किनवटच्या घोणशीचे विष वेगळे करून, त्यातली प्रथिने मोजून पाहावी लागतात. नव्या औषधाचा रेणू शोधायला जी यंत्रे, जी पद्धत आणि जे शिकलेले हात लागतात, तेच इथेही लागतात. तीच कुपी, तेच काम. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. विषाचा अभ्यास न करता ते कसे साधणार आहे?

नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, जिथे विषाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन मराठवाड्यातल्या घोणशी, फुरशी, नाग आणि मण्यारांचे विष जमवावे. प्रत्येक दंशाच्या रुग्णाची रक्तातली साखर, लघवीतली प्रथिने आणि एएसव्हीच्या किती कुप्या लागल्या, याची नोंद सगळ्या दवाखान्यांनी एकाच नमुन्यात ठेवावी. विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या मुलांना त्या नोंदींवर आणि त्या विषावर काम करू द्यावे. याला चैन म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की यातली कोणती गोष्ट सोयाबीन कापताना घोणशीवर हात पडलेल्या मुखेडच्या मजुराच्या हिताच्या विरोधात जाते?